खुडूक कोंबडीची आंघोळ

सासूबाईंच्या कोंबड्यांची शेवटची नऊ अंडी मी फ्रिजच्या दारात नीट रांगेत मांडली, आणि त्यांच्यावर अठरा दिवस बसलेल्या कोंबडीला शॅम्पूने न्हाऊ घातलं. दोन्ही कामं मनापासून केली, एवढं आधीच सांगून ठेवतो.

फुलपाड्याचा फ्लॅट विकून आम्ही गास गावातल्या बैठ्या घरात आलो, तेव्हा बायकोने तीन कोंबड्या पाळल्या आणि मी त्यांचं कौतुक करायचं पत्करलं. कौतुक मी खिडकीतून करत असे. पुढे तिच्या माहेरी, भुईगावच्या वाडीत, बिल्डिंग उभी राहायची ठरली. सासूबाईंनी कोंबड्या देऊन टाकल्या. उरलेली नऊ अंडी बायको तांदळाच्या डब्यात जपून घेऊन आली आणि आमच्या तांबडीखाली ठेवली. हे तिने मला सांगितलं होतं. मी "अरे वा, छान" असंही म्हणालो होतो म्हणे.

त्या रविवारी ती आईकडे निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "अहो, तांबडी खुडूक आहे. जरा लक्ष ठेवा."

मी मोबाईलमध्ये होतो. 'खुडूक' हा मला खोकल्याच्या घराण्यातला शब्द वाटला.

मागच्या पडवीत जाऊन पाहिलं तर लक्षणंही जुळत होती. तांबडी टोपलीत फुगून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले, छातीची पिसं गळालेली, अंगाला उग्र वास. हात पुढे केला तर चक्क गुरगुरली. कुंपणापलीकडे शेजारच्या आजी तांदूळ पाखडत होत्या.

"आजी, कोंबडी खुडूक झाली तर काय करतात हो?"

"पान्यात बुडवायची. दोन-तीनदा. मंग उतरतं."

ताप उतरतो, असं मी समजलो.

पण नुसतं बुडवायचं ही झाली गावठी पद्धत. मी व्हिडिओ पाहिला. त्यात एक परदेशी बाई कोंबडीला दोन टबांत आंघोळ घालत होती. टोपलीतली अंडी आधी फ्रिजमध्ये हलवली. आजारी जिवाने घातलेली असली म्हणून काय नासवायची? मग कोमट पाणी, त्यात मुलीचा महागडा शॅम्पू. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. मी स्वतः अर्ध्या बादलीत उरकतो. तांबडीला दीड बादली लागली. सुरुवातीला तिने माझा चष्मा उडवला. पण पोटाला कोमट पाणी लागताच तिने मान टाकली. मी हादरलो. ती झोपली होती.

टॉवेलने पुसून हेअर ड्रायरने पिसं फुलवली, फोटो काढला आणि बायकोला पाठवला. खाली लिहिलं, 'पेशंट बरी आहे.'

लगेच फोन आला. "ती अंड्यांवरून उठली कशी?"

"मी उठवली. अंडी फ्रिजमध्ये आहेत, काळजी करू नकोस."



"अहो, ती आईची अंडी आहेत. तीन दिवसांनी पिल्लं निघायची. आता आईकडे एक पीससुद्धा उरलेलं नाही."

मी धावलो. नऊच्या नऊ अंडी शर्टाच्या ओच्यात घेतली. पोटाला गार लागली. तांबडी अंगणात होती, सुगंधी पिसांवर पायांनी माती उडवत मनसोक्त लोळत होती. तिच्या मते आंघोळ आत्ता चालली होती. मी आजींना हाक मारली. त्यांनी एकदा अंड्यांकडे पाहिलं, एकदा शॅम्पूच्या बाटलीकडे.

"अंड्यांवरची बुडवलीस? अरे, अंडी नसताना उगाच बसते ना, तिला बुडवायची. खुडूक मोडायला!"

"आता काय करू?"

"आता तू बस."

बसलो. पाट घेतला, अंडी बायकोच्या शालीत गुंडाळली, शाल पोटाशी धरली. तासभर हललो नाही. कोणी जवळ आलं असतं तर मीही गुरगुरलो असतो.

शेवटी तांबडी आली, नखशिखांत मातीने माखलेली. मी अंडी टोपलीत ठेवली.

"लांब हो," आजी कुंपणावरून म्हणाल्या, "साबनाचा वास मारतोय तुला."

मी लांब झालो. तांबडीने दोन फेऱ्या मारल्या, एक अंडं चोचीने सरळ केलं आणि बसली.

बायको संध्याकाळी आली. टोपलीत हात घालून पाहिलं आणि पुढचे तीन दिवस फक्त कोंबडीशी बोलली. मी रोज दोनदा टोपलीला कान लावायचो. नवातली सहा फुटली. उरलेल्या तीन अंड्यांचा विषय मी काढला नाही. तिने आईला व्हिडिओ कॉल लावून एकेक पिल्लू तळहातावर घेऊन दाखवलं. सासूबाईंनी रंगावरून कुठलं पिल्लू आपल्या कुठल्या कोंबडीचं ते ओळखलं.

मग ती चहा घेऊन आली. म्हटलं, सुटलो.

"मागे मी चार दिवस तापाने पडले होते," कप ठेवत ती म्हणाली, "तेव्हा विचारलं होतंत का हो आजींना, बायको आजारी पडली तर काय करतात?"