वखराचा तवा आणि दोन बंदुका

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. देवळात हात जोडल्यावर हा विषय मनात येऊ लागला, की मी पटकन घंटा वाजवून बाहेर पडतो. मग तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही मध्येच बोलत नाही, हे एक कारण असेल.

तसा मी बरा माणूस आहे हो. नागपुरात गांधीबागेत माझं कापडाचं दुकान आहे आणि मी माप मारत नाही. माझी बायको सुनंदा, तिचं माहेर नरखेडकडचं, संत्र्याच्या बागेतलं. सासुरवाडीला गेलो की जेवणानंतर एकच कार्यक्रम असायचा — छर्ऱ्याच्या बंदुकीनं नेमबाजी. बंदुका दोन. एक सुनंदाच्या थोरल्या भावाची, विलासभाऊंची, नवीकोरी. दुसरी जुनी, खोकल्यासारखा आवाज करणारी.

निशाण म्हणजे ट्रॅक्टरच्या वखराचा, ढेकळं फोडणारा, झिजलेला गोल पोलादी तवा. मधोमध चौकोनी भोक. तो मी — हो, मीच — विहिरीजवळच्या खांबाला तारेनं करकचून बांधला होता, खोलगट बाजू आपल्याकडे करून. काहून? तर आवाज छान यायचा. छर्रा लागला की असा टण्ण वाजायचा, की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायची. मागे मातीनं भरलेलं पोतं होतं. तवा वाजवणं कोणालाही जमायचं. खरा नेम म्हणजे छर्रा न वाजता भोकातून पोत्यात जायला हवा.

सुनंदाचा जायचा. माझा कधीच नाही. सासरे चहा देता देता म्हणायचे, "जावईबापू, तुमचा छर्रा म्हशीले जागी ठेवते." सगळे हसायचे, मीही हसायचो. पण टोचायचं. बायकोचा नेम आपल्याहून चांगला आहे, एवढ्याशा गोष्टीनं माणसाला टोचावं का? मला टोचायचं.

आता तुम्ही विचाराल, वाटीसारख्या पोलादावरून छर्रा फिरून परत येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. आदल्याच खेपेला एक छर्रा परत येऊन माझ्या चपलेजवळ पडला होता. मी तो उचलला, खिशात टाकला आणि विषय संपवला. तवा उलटा करायचा म्हणजे आवाज जाणार ना!

त्या दुपारी पाळी सुनंदाची होती. एकाची पाळी असताना दुसऱ्यानं बंदूक खाली ठेवायची, हा आमचा नियम. मी मात्र जुनी बंदूक भरून बाजूच्या लिंबाखाली उभा होतो, तव्याच्या जरा जास्तच जवळ. मनात आलं — तिच्याबरोबरच आपणही चाप ओढला, तर कोणाचा छर्रा भोकातून गेला हे कोण सांगणार? असल्या हिशेबाला तुम्ही काय म्हणाल? मला अजून शब्द सापडलेला नाही.

दोन्ही बंदुका एकदमच उडाल्या. टण्ण — एकदाच. आणि बाजेवर संत्रं सोलत बसलेले विलासभाऊ भुवई धरून खाली वाकले. बोटांतून रक्त आलं.

डोळा वाचला. भुवईला टाके पडले. छर्रा जरा खाली लागला असता तर डोळा गेलाच होता, असं डॉक्टर म्हणाले. आता विलासभाऊ तो व्रण येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं दाखवतात आणि दर वेळी गोष्टीत थोडी भर घालतात. पण त्या दिवशी दवाखान्याबाहेर सुनंदा रडत होती. रडता रडता तिनं मला एकच विचारलं, "तुम्ही बी मारली होती का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्या बंदुकीत छर्राच नव्हता."

होता. आणि — थांबा, हेही सांगूनच टाकतो — तवा वाजला तेव्हा मी भोकाकडेच पाहत होतो. मागच्या पोत्यातून माती उडालेली मी पाहिली. तिचा छर्रा भोकातून गेला होता. वाजला तो माझा.

त्यानंतर मी असा सुधारलो म्हणता! वखराचा तवा भंगारात दिला. त्याच्या जागी सपाट, जाड पोलादी पत्रा आणला, साखळीनं टांगला, पुढे जरासा झुकता, म्हणजे छर्रा जमिनीकडेच जावा. खड्डे पडले की बदलतो. अंतर वाढवलं, बघ्यांना मागे बसवलं, डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मा नसेल तर बंदुकीला हात लावू देत नाही. सासरे पाहुण्यांना सांगतात, आमच्या जावयासारखा काळजीवाला माणूस नाही. मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो.

सुनंदानं मात्र पुन्हा बंदूक धरली नाही. गेल्या संक्रांतीला विलासभाऊंनी स्वतः तिच्यापुढे बंदूक धरली. "मार वं, सुनंदे. किती दिवस अशी बसून राहशीन?"

"नाही भाऊ," ती म्हणाली, "माह्या हाताचा मले भरवसा नाही."

मी तिथंच होतो, चष्मे वाटत होतो. तिलाही एक दिला. तिनं तो पदरानं पुसला आणि परत माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला, पुढच्याला दिला, आणि पत्र्यासमोरून सगळे बाजूला झालेत ना, ते बघायला गेलो.

तिचा हात चुकला नव्हता. मला ते तेव्हाही माहीत होतं आणि संक्रांतीला चष्मा परत घेतानाही माहीत होतं.