न्हाणीखालचा आड

२००४ सालच्या मे महिन्यात, एका बुधवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास, दौंडमधल्या एका रिकाम्या घरात एक बाई माझ्याशी बोलली. त्या वेळी ती बाई शिरूरला होती.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी तालुक्याच्या बातम्या देणारा वार्ताहर. दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय ओळ लिहायची नाही, ही सवय. इथंही जेवढं तपासता आलं तेवढंच लिहितो.

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि जून संपायच्या आत जागा रिकामी करा, असं त्यांनी सांगितलं. पत्नी सुनंदा कुरकुंभच्या एका कंपनीत लॅबला, शिफ्ट ड्यूटी. मुलगी पहिलीत जाणार होती. चार महिने आम्ही विकतच्या घरासाठी एजंटांच्या मागे फिरत होतो. आमच्या वाट्याला आलेल्या एजंटांची एक पद्धत होती – पार्टीला, म्हणजे घर घेणाऱ्याला, मालकाचं नाव सांगायचं नाही. ओळख झाली की परस्पर व्यवहार करतील, ही भीती. रेल्वे लाइनपलीकडचं एकच घर आम्हाला तिघांनी दाखवलं. पहिला म्हणाला, मालक दुबईला असतो. दुसरा म्हणाला, मालक वारला. तिसरा, नाना, म्हणाला, "मालकाचं काय करायचंय साहेब? तुमाला घरात ऱ्हायचंय का मालकासंगं?"

त्या बुधवारी मी नानाबरोबर एकटाच गेलो. तीन खोल्या, मागे न्हाणी, तिथं नवी फरशी. मागच्या दाराला आतून अडसर. नानाचा मोबाइल वाजला. आत रेंज नव्हती म्हणून तो पुढच्या ओट्यावर गेला.

मी न्हाणीकडे वळलो, तेवढ्यात मागून आवाज आला. "न्हाणीखाली आड हाय. आमीच बुजवलाय."

स्वयंपाकघराच्या दारात साठीची एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, डाव्या भुवईवर जुनी खोक. मला वाटलं शेजारीण असेल. "तुम्ही कोण?" मी विचारलं.

"ह्ये एजंट सांगायचे न्हाईत, म्हून सांगते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. आत कुणी नव्हतं. खिडकीला गज होते.

"कुणासंगं बोलताय साहेब?" ओट्यावरून नाना.

"इथं आड बुजवलाय का?"

नानाचा चेहरा उतरला. मग तो भडकला. "म्हंजी मालकाला गाठलंच तुमी! पत्रकार लोक असंच. आमी उन्हातान्हात हिंडायचं आन् तुमी परस्पर जमवायचं!"

कुणाला भेटलो नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून उतारा काढला. मालकाचं नाव मिळालं, बाकीचं शेजाऱ्यांनी सांगितलं – दस्तगीरचाचा, रेल्वेतून निवृत्त, आता शिरूरला मुलाकडे. रविवारी एसटीनं गेलो.

आडाचं विचारताच चाचांनी कपाळावर हात मारला. "तिघांनाबी बजावलं हुतं, घेणाऱ्याला आडाचं सांगा म्हून. एकानंबी सांगितलं न्हाई? हिला तोच घोर. लहान लेकरं असत्याल, जमीन खचली तर... सारखं म्हनायची." ते थांबले. "बोलत हुती तवा."

आतल्या खोलीत खाटेवर त्यांच्या पत्नी हलीमाबी होत्या. वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून चालणं नाही, वाचा नाही. डाव्या भुवईवर खोक होती. मी बघितलेली बाई हीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ नजर हलवली नाही.

बुधवारचं मी चाचांना सांगितलं. मुलानं व्यायामाच्या दवाखान्याचं कार्ड काढून दिलं, त्यावर बुधवारची तारीख होती. मी दवाखान्यात जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बुधवारी बारा ते एक. मीच त्यांचा हात हलवून घेत होतो." याची उकल मला तेव्हा झाली नाही, आजही होत नाही.

रात्री सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. "आड आहे हे खरं ना?"

"खरं."

"मग घर घेऊ या. चार महिन्यांत खरं बोललेलं तेवढं एकच माणूस भेटलंय तुम्हाला."

गवंड्याला दाखवून न्हाणी अंगणात हलवायची ठरली. चाचांनी आडाची नोंद स्वतःहून खरेदीखतात घालायला लावली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही राहायला गेलो. हलीमाबी त्यानंतर दोन वर्षं होत्या. त्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून एकही शब्द उमटला नाही, असं चाचांनी आणि त्यांच्या मुलानं, दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं.