मॅडमचा हात

मॅडमचा हात माझ्या उघड्या पोटापर्यंत आला अन् मागं गेला. मी पायलं. टेबलावर चित झोपली होती, साडी खाली सरकवलेली, पोटात गोठलेला गार गोळा. मॅडमनं हात आपल्या कोटाच्या खिशात घातला अन् दाराकडे पाहून आवाज दिला, "कांता, पोछा ठेव. इकडे ये. हिले तूच चोळ, तुमच्यातलीच आहे."

तुमच्यातलीच. दार उघडं होतं. बाहेर सोफ्यावर दोन बाया नंबर लावून बसल्या होत्या. त्यायनं ऐकलं.

मी सौंसरले एका सरकारी दफ्तरात बाबू आहो. दोन बाळंतपणं, दोन्ही वेळा पोट फाडून. टाक्यांच्या वर चरबीचा थर असा लोंबून राहिला की आमचा साहेब सगळ्यायच्या समोर विचारायचा, "बाई, आता कितवा महिना?" सगळे हसायचे. मी पण हसायची. भात सोडून पायला, सकाळी फिरून पायलं, तो थर काही हलत नव्हता. पुन्हा पोटाले चाकू लावू द्यायचा नाही, हे पक्कं होतं. मंग कळलं, पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात चरबी गोठवायची मशीन आली. कापणं नाही, टाके नाही. नागपूरचा डॉक्टर येते, तपासते. त्यानं मले साफ सांगितलं, वजन उतरणार नाही, फक्त हा थर हळूहळू बसेल, दोन-तीन महिने वाट पाहा लागेल. मशीनचं तोंड पोट आत ओढून धरते, गार करते. ते काढलं की गोठलेला लोंदा तेव्हाच्या तेव्हा हातानं जोर लावून चोळा लागते. नाही चोळला तर असर कमी. ते चोळायचं काम मॅडम स्वतः करायची. दवाखाना तिचाच. बाया म्हणायच्या, मॅडमचा हात लय चांगला.

नवरा म्हणाला होता, नागपूरले जा. तिथं कोणी काही विचारत नाही. मी म्हटलं, काहून? मी काय चोरी करून राहिली?

डॉक्टरनं मशीन लावली अन् तो खाली पेशंट पाहायले गेला. मॅडम माझ्याजवळ बसली. गोड बोलून राहिली होती. ताई, माहेर कुठलं? रामाकोना, म्हटलं. तिच्या मामाचे तिकडेच संत्र्याचे बगीचे निघाले. आमच्याकडे माणूस असंच विचारत विचारत घरात शिरते. आधी गाव, मंग वडील, मंग घर कोणत्या बाजूले. ती कुठं चालली ते मले समजत होतं. देवळाजवळ, असं ठोकून देता आलं असतं. आमच्यातल्या कितीक बाया देतात. मी म्हटलं, "विहाराच्या मागं."

ती मोबाईल पाहू लागली. त्याच्यानंतर ताई म्हणणं बंद झालं. पोट मशीनच्या तोंडात अडकलेलं होतं, उठून जावं म्हटलं तरी जाता येत नव्हतं. वेळ झाल्यावर तिनं मशीन काढली. पोटाचा तेवढा भाग फ्रिजमधल्या लोण्यासारखा कडक उभा राहिला. अन् तिचा हात मागं गेला.

कांतामावशी दारात आली. साठीची बाई, ओले हात पदराले पुसत. तिनं माझ्याकडे पाहिलं अन् मान खाली घातली.

रामाकोन्याले मी लहान असताना ताप आला की कंपाउंडर सुई टोचायचा, पण माझ्या दंडाले बोट लावत नव्हता. आईले म्हणायचा, तूच आवळून धर. आई धरायची. घरी येताना म्हणायची, जाऊ दे वं, दवाई तर देते ना. ते 'जाऊ दे' घेऊनच मी शिकली, नोकरीले लागली, साहेबाच्या तोंडासमोर हसली. त्या टेबलावर मले त्या 'जाऊ दे'ची शिसारी आली.

मी उठून बसली. मावशीले म्हटलं, तू राहू दे. अन् मॅडमचं मनगट धरून खिशातून बाहेर ओढलं.

"लाव हात."

"सोड. पागल झाली काय?"

तिनं दुसऱ्या हातानं माझे केस धरले. ओढले. मुळासकट उपटले असते तरी मी सोडलं नसतं. तिच्या बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या, काच दोघींच्याही हातात घुसली. रक्त माझ्या पोटावर, तिच्या पांढऱ्या कोटावर. मी तिची मूठ उघडली, तळवा त्या गार लोंद्यावर दाबला, वरून माझे दोन्ही हात ठेवले अन् चोळलं. जीव खाऊन चोळलं. बधीर चामडीत आग पेटली. ती किंचाळत होती, मी शिव्या देत होती. लोंदा नरम पडेपर्यंत तिचा हात उचलू दिला नाही. मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू? तिची बोटं मोडली असती तरी मी थांबली नसती.

सोफ्यावरच्या बाया केव्हाच पळाल्या होत्या. मॅडम म्हणे, पोलिसाले बोलावीन. मी साडी नीट केली, म्हटलं बोलाव, अन् त्याच सोफ्यावर जाऊन बसली. कोणी आलं नाही. मंग मीच उठून पोलीस थाण्यात गेली. ती जे बोलली ते शब्दाले शब्द लिहून घ्या म्हटलं. रिपोर्ट लिहिणारा मुन्शी टाळाटाळ करून राहिला होता. तेवढ्यात मागून कांतामावशी आली. तिले सांगायले कोणी बोलावलं नव्हतं. "माझ्यासमोर बोलली," म्हणे, "माझं बी नाव लिहा."

घरी नवरा घाबरून बसला होता. साहेबाचा फोन येऊन गेला होता. मॅडमकडचे लोक मोठे आहेत, सॉरी म्हणा अन् मिटवा. नवरा म्हणाला, दोन शब्दांचा तर सवाल आहे. पुढचा इलाज नागपूरले करू, चांगली जागा पाहू.

मी त्याले सांगितलं, मिटवणार नाही. केस माझ्यावर बी होईल, होऊ दे. हात मी धरला, ते बी कोर्टात मीच सांगीन. नागपूरले जाणार नाही. डॉक्टरनं आणखी एक बार मशीन लावा लागेल म्हटलं आहे. ती मी पांढुर्ण्यालेच लावून घेईन, त्याच टेबलावर. पोट मॅडमच चोळेल. तिनं आपल्या मनानं हात लावला तर ठीक. नाही लावला तर मनगट धरता येते मले.