कळंबच्या अलीकडे थांबलेली जीप

तात्या, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. घरात बसवेना, म्हणून माझ्यामागोमाग त्यांनीही हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाची, परीक्षा दिली. परवाना आल्यापासून जळोचीतलं आमचं घर दिवसभर खरखरत असतं. पलीकडे कुणीही भेटो, तात्या आधी पीकपाणी विचारणार. संचावर कुणी हाक मारली आणि ते गप्प बसले, असं कधी झालं नव्हतं.

उन्हाळ्याच्या शेवटी पुराचा सराव ठरला. भीमेचं पाणी गावांत शिरलंय, मोबाईल बंद पडलेत, निरोप फक्त आमच्या संचांवरून जाणार, अशी कल्पना. मी बारामतीच्या नियंत्रण कक्षात लॅपटॉपवर नकाशा सांभाळत होते. तात्या आमची जुनी जीप घेऊन इंदापूरकडच्या गावांना निघाले होते. जीपमध्ये एक डबी बसवली होती. ती स्वतःची जागा ओळखून थोड्या थोड्या वेळानं रेडिओवरून कळवायची आणि माझ्या नकाशावर जीपचा निळा ठिपका पुढे सरकायचा.

ठिपका भवानीनगर, लासुर्णे करत कळंबच्या रस्त्याला लागला आणि गावाच्या अलीकडे थांबला.

चहाला थांबले असतील, असं वाटलं. पण नवा संदेश आला तरी जागा तीच. मी आवाजाच्या संचावरून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. डबी चालू होती, म्हणजे बॅटरी ठीक होती. नियम मोडून मोबाईल लावला, तो वाजत राहिला. मी खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत नकाशासमोर आले.

सरावाचे प्रमुख, निवृत्त शिक्षक, माझ्या मागे येऊन उभे राहिले. सरावाचा भाग म्हणून एखादी गाडी मुद्दाम हरवायची, असं त्यांनीच काही जणांना सांगून ठेवलं होतं. तात्यांना सांगितलं होतं का, ते त्यांना नक्की आठवेना. थोडं थांबू, म्हणाले. मुलगी घाबरली म्हणून सराव मोडायला नको. कदाचित त्यांचं बरोबर असेल. पण तात्यांना गप्प राहायला सांगितलं असतं, तरी ते जमलं नसतं.

मी बटण दाबलं. "सगळ्या केंद्रांनी ऐका. हा सराव नाही. कळंबच्या अलीकडे आमची जीप थांबलीय आणि चालक उत्तर देत नाहीत."

लासुर्ण्याच्या फाट्यावर नेमलेले आमच्यातलेच एक हौशी, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांचा आवाज आला. त्यांचं इंदापुरात कापडाचं दुकान आहे. "ऐकलं, बेटा. जागा सांग, मी निघालो."

मी नकाशावरची जागा वाचून दाखवली. चाचांच्या मोटरसायकलवरही तसलीच डबी होती. त्यांचा ठिपका निळ्या ठिपक्याकडे सरकताना मी बघत राहिले. दोन संदेशांमधला वेळ मला बसू देत नव्हता.

"सापडले," चाचा म्हणाले. जीप नीट कडेला लावलेली होती. तात्या घामानं भिजले होते आणि बोलणं अडखळत होतं.

मला लगेच कळलं, त्यांची साखर उतरली होती. सरावाच्या नादात त्यांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती, पण भाकरीला हात लावला नव्हता. मी म्हटलं, शुद्धीवर असतील, गिळता येत असेल, तर साखरेचं पाणी द्या. शेजारच्या वस्तीवरून पाणी आलं. बऱ्याच वेळानं संचावर तात्याच बोलले, "मी बरा हाय. जीपला काय झालं न्हाय."

प्रमुखांनी स्वतःची गाडी काढली आणि मला तिथे नेलं. दवाखान्यात दाखवून येताना जीप मी चालवली. तात्या बाहेरच्या उसाकडे बघत होते. मग म्हणाले, "समद्या तालुक्याला ऐकवलंस व्हय?"

"ऐकवलं," मी म्हटलं.

आता ते जीप घेऊन निघाले की मी कामावर असले तरी नकाशा उघडते. त्यांना ते कळलंय. परवा बाजाराला जाताना त्यांनी डबी बंद करून ठेवली. दुपारी ते परत येईपर्यंत माझं कामात लक्ष लागलं नाही. पिशवी ओट्यावर ठेवत ते म्हणाले, "बाजारापुरतं तरी मला एकट्याला जाऊ दे की."

जेवून निघाला होतात का, एवढंच मी विचारलं. ते व्हय म्हणाले.