मिठाचा खडा

पनवेलच्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवायचो आणि एक सर रसायनशास्त्र शिकवायचे. प्रत्येक वाक्याआधी ते एक सुस्कारा टाकत. पण नवीन संयुग आलं की सूत्राआधी त्याची गोष्ट सांगत.

पोर्शन मागे पडतो, अशी पालकांची तक्रार आली. क्लासच्या मालकांनी त्यांना बजावलं, "सर, गोष्टी बंद. नाहीतर मला दुसरे सर बघावे लागतील."

दुसऱ्या दिवशी सोडियम क्लोराइड होतं. मी दाराशी उभा होतो. या धड्याला ते दरवर्षी खिशातून खडेमीठ काढून वर्गात फिरवत. त्या दिवशी त्यांनी खडा काढला, पण टेबलावर ठेवला आणि फळ्यावर नुसतं सूत्र लिहिलं. मुलं वाट बघत राहिली.

मग उरणहून येणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "तुमचं मिठागर ना गं? मीठ कसं करता?"

"भरतीचं पानी आत घेतो सर, बांध घालतो. उन्हानं पानी आटलं का मीठ र्‍हातं. बाबांच्या पायाला चिरा पडल्यात त्यानं."

सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले.

मालक दारात आले. "गोष्टी बंद म्हटलं होतं ना?"

"मी कुठे सांगतोय?" सर म्हणाले. मग सुस्कारा टाकून मुलीकडे वळले. "हं, पुढे सांग."