बिनमांडवाच्या वेली

मोठ्या भावावर ओरडण्याची सोय आमच्या घराण्यात कुणी केलेलीच नाही. त्यामुळे त्या ऑक्टोबरात मला आलेला राग मी बायकोवर, सनीव्हेलच्या ट्रॅफिकवर आणि एका निरपराध टोस्टरवर काढला. उरलेला इथे काढतो.

कॅलिफोर्नियात, आम्ही राहतो त्या सनीव्हेलपासून दोन तासांवर डोंगरात आम्ही वाइनची एक जुनी इस्टेट घेतली आहे. शंभरेक वर्षांपूर्वी एका फ्रेंच कुटुंबानं उभारलेली. दगडी घर, खाली पिंपांचं गार तळघर आणि मागच्या उतारावर फ्रान्सहून आणलेल्या द्राक्षाच्या काड्यांची छोटीशी बाग. घराची दुरुस्ती बायकोकडे. दगडांच्या सांध्यांत सिमेंट नाही, चुनाच भरायचा, हे ती कुठून तरी शिकून आली आणि चुना कालवायला माझी नेमणूक झाली. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवल्यावर ज्याचा निकाल त्याच दिवशी दिसतो असं हे माझं पहिलंच काम. निकाल बहुधा वाकडा.

वेली मात्र माझ्या. आधीच्या मालकांनी टाकून दिलेल्या, तरी तगलेल्या. मांडव नाही, तारा नाहीत. मांडीएवढं गाठाळ खोड आणि वर फांद्यांचं झिपरं. शेजारच्या बागवाल्या बाईंनी सांगितलेलं मी पाठ केलं होतं: पानं आपली आपण गळू द्यायची, हिवाळाभर वेली झोपू द्यायच्या, थंडी सरताना एकदाच छाटायचं.

माझा भाऊ तासगावकडे द्राक्षं पिकवतो. तो ऑक्टोबरात आला तो चेक-इन बॅगेत स्वतःची कात्री घेऊनच.

"ह्यांना मांडव न्हाई?" वेली बघून तो हळहळला. "अनाथ पोरांवाणी उभ्या केल्यात की रे."

"इथे अशाच असतात, दादा."

"आणि ऑक्टोबर छाटणी कधी धरणार?"

"इथे एकदाच छाटतात. फेब्रुवारीत."

तो हसला. "तू आपला कॉम्प्युटर बघ."

आमच्या गावाकडे थंडी नावापुरती, वेल झोपतच नाही. म्हणून दोन छाटण्या: एप्रिलात काडी तयार करायला, ऑक्टोबरात माल, म्हणजे घड, धरायला. दादाचं सगळं आयुष्य त्यावर उभं आहे. सोमवारी आम्ही सनीव्हेलला नोकऱ्यांवर परतलो, तो मात्र "चुना वाळेपर्यंत राहतो" म्हणून मागे राहिला. शुक्रवारी येऊन पाहतो तर वरच्या चारही ओळी मुंजीतल्या बटूसारख्या भादरलेल्या!

"झालं बघ तुझं काम," दादा म्हणाला. "आता फूट कशी जोरात निघतीय बघ."

माझ्या तोंडून निघालं, "चहा घेतलास?" त्याच्या हातात कपच होता.

मुलीनं मला तळघरात गाठलं. "बाबा, जस्ट टेल हिम! काकांनी प्लांट्स रुइन केलेत."

"काका मोठे आहेत."

"सो?"

मी पिंपं मोजायला लागलो.

त्यात हवा उबदार राहिली आणि त्या फसलेल्या वेली खरंच फुटल्या. दादानं भावकीच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'अमेरिकेतली बाग मार्गी लावली.' टाळ्यांचा पाऊस पडला. मीही एक अंगठा टाकला. असा अंगठा कापून टाकावा!

दादा विमानात बसला आणि डिसेंबरात दहिवर गोठलं. कोवळी फूट शिजलेल्या मेथीसारखी काळी पडली. बाकीच्या वेली मी फेब्रुवारीत छाटल्या, त्यांच्या काड्या नवी रोपं करायला तळघरात ओल्या वाळूत पुरून ठेवल्या. वसंतात त्या ओळी हिरव्या झाल्या. वरच्या चार ओळींत मात्र काही खोडांना बुडाशी एखादा अशक्त कोंब, बाकी सगळा शुकशुकाट. नखानं साल खरवडली, आत हिरवं काही नाही, नुसतं मेलेलं तपकिरी.

रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेरा त्या खोडांकडे वळवला.

"तिकडची हवाच हलकी," तो म्हणाला.

"हवा नाही दादा!" माझा आवाज मलाच परका वाटला. घराच्या भिंतीशी बायकोची थापी थांबली. "ह्याच हवेत त्या शंभर वर्षं जगल्या. तू मारल्यास त्या. मला न विचारता!"

मग दादा म्हणाला, "आलो तवाच असा ओरडला असतास, तर मी कात्री बॅगेतनं काढली तरी असती का?"

म्हणजे हेही माझ्याच माथी! आणि संताप असा की त्यात थोडं तथ्य होतं. मी फोन ठेवला. मोठ्या भावाचा फोन 'ठेवतो हं' न म्हणता ठेवण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

मग तळघरातून वाळूतल्या काड्या आणल्या आणि पहिल्या मेलेल्या खोडाशेजारी खड्डा घेतला. मुलगी मागोमाग आली.

"फायनली यू टोल्ड हिम, बाबा!"

"गप्प बस," मी म्हणालो, "आणि काडी सरळ धर."