ताईची पहिली पावलं आणि माझं गेलेलं नेटवर्क

काल दुपारी मावशीने मला चक्क जमिनीखाली नेलं! आनंद अजून ओसरला नाही... म्हणून लिहायला बसले.

आधी थोडं मागचं. माझी ताई जर्मनीत असते. गेल्या आठवड्यात ती बर्फावरून घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड घालावा लागला. व्हिसा इतक्या लवकर कुठला मिळायला... आम्ही सगळे इथे बुऱ्हाणपुरात, ती तिकडे कॉटवर.

आपल्याकडे पेशंटच्या उशाशी कुणीतरी बसलेलं असतंच. तिकडे नातेवाइकांना ठरलेल्या वेळीच आत सोडतात, आणि जिजूंचं ऑफिस. मग मीच बसले... व्हिडिओ कॉलवर. ताईने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि मी इथून बघत राहायचं. माझं जेवण, आंघोळ, सगळं त्या हिशोबाने.

डॉक्टरांनी ऑपरेशननंतर लगेच चालायला सांगितलं होतं. नाहीतर पाय आखडेल, असं ते रोज बजावत होते. पण ताई पाय खाली सोडायची, माझ्याकडे बघायची आणि परत वर घ्यायची. "आज राहू दे गं, भीती वाटते."

मी रडकुंडीला आले होते. "सांभाळून ताई, हळू... नर्सला धरलंस का? खाली ओलं नाही ना?" हे माझं चालूच.

काल मावशी बुधवाऱ्यातल्या तिच्या घरून स्कूटी घेऊन दारात हजर. "चल, कुंडी भंडारा बघून येऊ."

म्हटलं, "मावशी, आत्ता ताईला चालवायला येतील."

"येऊ दे ना! तुला थोडीच चालवणार आहेत? चेहरा बघ आपला, पेशंट कोण तेच कळत नाही!"

ताईला विचारलं, तर तिचा मेसेज, "जा गं, मी झोपते." मन खात होतं... पण गेले.

हसू नका, पण इथेच लहानाची मोठी झाले तरी त्या कुंडीत मी कधी उतरले नव्हते. जमिनीखालून शहराला पाणी आणायची जुन्या काळची सोय आहे ती, पाहुणे आले की त्यांना बघायला पाठवतो, एवढंच. लिफ्ट खाली निघाली आणि फोनची रेंज गेली. मी घाबरून म्हटलं, "मावशी, वर चल ना."

"लिफ्ट काय रिक्षा आहे, म्हणशील तिथे वळवायला? चपला काढ."

आणि मग पाण्यात पाय ठेवला... आहाहा! क्षारांचे थर चढून पांढऱ्या झालेल्या भिंती, वरून पडलेला उजेडाचा गोल, आणि पाणी इतकं नितळ की पायाची नखंसुद्धा स्पष्ट दिसत होती. वाकून चालताना डोकं आपटू नये, पाय घसरू नये, एवढंच मनात. कितीतरी दिवसांनी मी फक्त माझ्या पायांकडे बघत होते.

मावशीने जोरात हाक मारली, आवाज बोगद्यात घुमत लांब गेला. मग मीही ओरडले. खूप मोठ्याने. इतकं हलकं वाटलं की काय सांगू...

वर आलो आणि फोन टणाटण वाजायला लागला. ताईचे मिस्ड कॉल! ओल्या बोटांनी स्क्रीन उघडेना, शेवटी मावशीने फोन ओढणीला पुसून उघडला.

नर्सने काढलेला व्हिडिओ होता. ताई वॉकर धरून उभी! एक पाऊल, दुसरं, तिसरं... खिडकीपर्यंत गेली आणि वळली. शेजारच्या कॉटवरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. इकडे मी अनवाणीच उड्या मारत होते, वॉचमन बघत राहिला.

मग मावशीने हळूच सांगितलं, "तुझ्या ताईनेच फोन केला होता. म्हणाली, हिला जरा नेटवर्क नसेल अशा जागी ने. आता सांग, गावात अशी दुसरी जागा कुठून आणू?"

मी तिथूनच ताईला फोन लावला. "माझा एवढा त्रास होत होता?"

ती हसली. "वेडे, पाटी आठवते का?"

आठवते ना. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं ताईनेच शिकवली. एक अक्षर काढून दाखवायची, पाटी हातात द्यायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मी रडायचे, "तू इथेच बस ना." ती म्हणायची, "मी बसले की तू माझ्या तोंडाकडे बघतेस, पाटीकडे नाही."

"तसंच झालं गं माझं," ताई म्हणाली. "पाय खाली ठेवला की समोर तुझं तोंड. आणि ते तोंड म्हणजे... आता पडली, आता पडली!"

येताना मावशीने गरम मावा जिलबी खाऊ घातली. मी एकटीने किती खाल्ली ते विचारू नका.

आज ताईच्या चालण्याची वेळ झाली तेव्हा मी फोन पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. लक्ष सगळं बाहेर... भाजी करपली, पण फोनला हात लावला नाही.

थँक यू ताई. तिकडे कॉटवर पडूनही मला शिकवतेच आहेस.